गुडघ्यावरची कंडरा तुटते तेव्हा : शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची वाटचाल

तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या लोहमार्गाने खानदेश आणि सुरत ही दोन टोके शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जोडली. या मार्गावरील नवापूर स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात तर काही भाग गुजरातेत आहे. प्रवाशांना या गोष्टीचे कौतुक वाटते. परंतु रोजगारासाठी जाणाऱ्यांच्या दृष्टीने ही सीमा फारशी महत्त्वाची कधीच नव्हती. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे यंत्रमाग, रंगाई-छपाईचे कारखाने, बांधकाम आणि हमाली यांच्या आधाराने सुरतेत स्थिरावली आहेत. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत मराठी आणि अहिराणी सर्रास कानी पडते. कमावता पुरुष तिकडे आणि वृद्ध आईवडील व शेती इकडे, अशी विभागणी झालेली घरे खानदेशात गावोगाव आढळतात. अशा घरातील कर्त्या माणसाचा पाय एकाएकी निकामी झाला तर त्याची झळ दोन्हीकडच्या चुलींना लागते.

हाड मोडले असता काय करावे हे सर्वसाधारणपणे लोकांना ठाऊक असते. क्ष-किरण चित्रात मोड दिसतो, प्लास्टर घातले जाते आणि घरच्यांचीही खात्री पटते. हाड शाबूत राहून केवळ गुडघ्यावरची कंडरा तुटली तर मात्र तसे होत नाही. चित्रात मोड दिसत नाही, "मुरगळला आहे, आठ दिवसांत बरा होईल" असे सांगितले जाते, गावाकडे असल्यास तेल लावून चोळले जाते, आणि उपचारासाठी जे दिवस सर्वांत मोलाचे असतात तेच निघून जातात. या दुखापतीची माहिती करून घेण्याचे खरे कारण हेच होय.

गुडघा सरळ होतो कसा

स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या पांढऱ्या, चिवट, दोरीसारख्या भागास कंडरा म्हणतात. मांडीच्या पुढील बाजूस चार स्नायूंचा एक मोठा गट असून त्यास वैद्यकीय भाषेत क्वाड्रिसेप्स असे नाव आहे. हे चारही स्नायू खाली येता येता एका जाड कंडरेत मिळतात आणि ही कंडरा गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेस घट्ट रुजलेली असते. वाटीच्या खालच्या टोकापासून दुसरी कंडरा निघते व ती नडगीच्या हाडास जाऊन मिळते. आता विहिरीवर मोटा राहिल्या नाहीत; तथापि ज्यांनी त्या पाहिल्या आहेत त्यांना ही रचना चटकन समजेल. बैलांनी ओढलेला नाडा चाकावरून वळतो आणि पाण्याने भरलेली मोट वर येते. मांडीचे स्नायू हे बैल, कंडरा हा नाडा, गुडघ्याची वाटी हे चाक आणि नडगी ही मोट असे समजावे. नाडा तुटला तर बैल कितीही दांडगे असले तरी मोट जागची हलत नाही.

हा नाडा तुटण्याचा प्रसंग बहुधा अगदी साधा असतो. जिना उतरताना पायरी चुकते, पावसाळ्यात ओल्या फरशीवरून पाय घसरतो, यंत्रमागाजवळ सांडलेल्या तेलावर तोल जातो. पडू नये म्हणून माणूस नकळत पाय घट्ट करतो. अशा वेळी मांडीचे स्नायू सर्व शक्तीने आकसू पाहतात आणि नेमक्या त्याच क्षणी शरीराचा संपूर्ण भार गुडघा वाकवून त्यांना ताणतो. पाठीवर पोते किंवा कापडाचा तागा असेल तर तो भार आणखी वाढतो. या ओढाताणीत कंडरा वाटीच्या वरच्या कडेपाशी सुटते. पुष्कळ रुग्ण "काहीतरी फटकन तुटल्याचा आवाज आला" असे सांगतात.

निरोगी कंडरा इतकी बळकट असते की ती सहसा अशी तुटत नाही. जी तुटते ती बहुधा आतून आधीच कमजोर झालेली असते. म्हणूनच ही दुखापत मुख्यतः चाळिशी उलटलेल्या पुरुषांत दिसते. तरुण खेळाडूंत वाटीच्या खालची कंडरा तुटण्याचे प्रमाण अधिक आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना विकार, गाउट, संधिवात, स्थूलता ही कंडरा झिजविणारी कारणे आहेत. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या कधीकधी दोन्ही पायांच्या कंडरा एकाच वेळी तुटतात. दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइड औषधांनीही कंडरा दुर्बळ होते, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातील प्रतिजैविकांविषयीही डॉक्टरांना असाच इशारा दिलेला आहे. येथे एक गोष्ट विशेष सांगावीशी आहे. सांधेदुखीवर रामबाण म्हणून जडीबुटीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्यांपैकी काहींत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे आपल्या देशात वेळोवेळी उघडकीस आले आहे. दोन दिवसांत दुखणे पळाले म्हणून माणूस खूश होतो, पण वर्षानुवर्षे ती पुडी घेणाऱ्याच्या कंडरा आणि हाडे आतून पोखरली जात असतात.

ही दुखापत विरळा आहे हे खरे. स्कॉटलंडमधील एडिनबरा येथील २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला एक ते दोन इतके आढळले. तेच प्रमाण, केवळ अंदाजासाठी, सुरतेला लावून पाहिले तर २०११ च्या जनगणनेतील सुमारे ४५ लाख लोकसंख्येच्या या शहरात वर्षाकाठी साठएक माणसे तरी या दुखापतीने जायबंदी होत असावीत असे दिसते. शहर तेव्हापासून बरेच वाढले आहे.

थोरामोठ्यांनाही ती चुकलेली नाही. १४ मार्च १९९७ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन हे फ्लोरिडात गोल्फपटू ग्रेग नॉर्मन यांच्या घरी पायऱ्यांवर अडखळले आणि त्यांच्या उजव्या गुडघ्यावरील हीच कंडरा फाटली. तेव्हा ते ५० वर्षांचे होते. त्याच दिवशी बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयात, केवळ शरीराचा खालचा भाग बधिर करून, त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. आठवड्याभरातच चाकांच्या खुर्चीत बसून ते रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्या भेटीसाठी हेलसिंकीला गेले. विमाने आणि वैद्यांचा ताफा सर्वांच्या वाट्याला येत नाही. परंतु त्यांच्या उपचारातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा ताफा नव्हता. दुखापत ओळखली गेली आणि शस्त्रक्रिया त्याच दिवशी झाली, हा होता.

दुखापत ओळखावी कशी

पडल्यावर गुडघ्याच्या वर तीव्र वेदना होतात, सूज चढते, उभे राहू गेल्यास गुडघा आपोआप दुमडतो. वाटीच्या लगेच वर बोटाने चाचपले असता जेथे घट्ट दोरी लागावयास हवी तेथे खळगा लागतो. सूज फार असेल तर हा खळगा रक्ताने भरून जातो व लागत नाही. म्हणून याहून भरवशाची खूण म्हणजे सरळ पाय उचलण्याची. रुग्णास उताणे निजवून गुडघा न वाकवता टाच अंथरुणापासून वीतभर उचलण्यास सांगावे. पूर्ण तुटलेल्या कंडरेच्या रुग्णास हे साधत नाही. तो मांडी उचलतो, परंतु नडगी खालीच लोंबते. वेदनेमुळेही काही जणांना पाय उचलता येत नाही, आणि उलटपक्षी वाटीच्या दोन्ही बाजूंचे पडदे शाबूत असल्यास एखाद्यास थोडाफार उचलता येतो. यास्तव ही खूण म्हणजे निदान नव्हे. तथापि, पडल्यानंतर ज्याला सरळ पाय उचलता येत नाही अशा प्रत्येकाने अस्थिरोगतज्ज्ञास दाखविल्याखेरीज घरी राहू नये, एवढे या खुणेवरून निश्चित समजावे. शाळेतील शिक्षक, कारखान्यातील मुकादम, गावातील आशा कार्यकर्ती यांपैकी कोणासही ही खूण तपासता येईल.

क्ष-किरण चित्र निरुपयोगी नसते. हाडाला मोड नसला तरी बाजूने घेतलेल्या चित्रात वाटी नेहमीपेक्षा खाली उतरलेली दिसते, आणि जाणत्या डॉक्टरच्या नजरेस ती गोष्ट पडते. शंका राहिल्यास सोनोग्राफीने कंडरेतील तुटलेली जागा पाहता येते. एमआरआय तपासणी अधिक स्पष्ट असली तरी प्रत्येक रुग्णास तिची गरज असतेच असे नाही. कंडरा अर्धवट फाटली असून पाय सरळ उचलता येत असेल तर शस्त्रक्रियेवाचून, गुडघा काही आठवडे सरळ बांधून ठेवून, ती सांधू शकते. पूर्ण तुटलेली कंडरा मात्र आपोआप जुळत नाही.

रुग्णालयात नेईपर्यंत करावयाचे काम थोडेच आहे. पाय सरळ ठेवून त्याखाली फळी किंवा घडी घातलेली सतरंजी द्यावी व फडक्याने सैलसर बांधावा. कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवावा. रुग्णास चालवू नये. चोळणे, ओढणे, गरम विटेने शेकणे हे कटाक्षाने टाळावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत बोलावता येते. सुरतेत मजुरा गेटजवळचे न्यू सिव्हिल रुग्णालय, जे १९६४ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास जोडलेले आहे, आणि महानगरपालिकेचे स्मीमेर रुग्णालय अशी दोन मोठी सार्वजनिक रुग्णालये असून तेथे अस्थिरोग विभाग आहेत.

शस्त्रक्रिया

तुटलेली कंडरा शस्त्रक्रियेने बांधण्याची कल्पना फार जुनी नाही. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी, ज्यांचे नाव आंत्रपुच्छाच्या दुखण्यातील एका खुणेशी जोडले गेले आहे, त्यांनी १८८७ साली अशा शस्त्रक्रियेचा वृत्तान्त दिला; तीत त्यांनी चांदीची तार वापरली होती. टाके घालण्याची विद्या स्वतः मात्र प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत जखम शिवण्यासाठी तागाचा धागा, केस आणि प्राण्यांच्या स्नायूंचे तंतू यांचा उल्लेख येतो.

आजची पद्धत समजण्यास अवघड नाही. बहुधा पाठीतून भूल देऊन कमरेखालचा भाग बधिर केला जातो; रुग्ण जागा असला तरी त्यास वेदना होत नाहीत. गुडघ्याच्या मध्यावर उभा छेद घेऊन साचलेले रक्त धुऊन काढतात आणि कंडरेच्या चिंध्या झालेल्या कडा निरोगी भागापर्यंत साफ करतात. नंतर न विरघळणाऱ्या जाड धाग्याने कंडरेच्या दोन्ही कडांनी वर-खाली असे टाके घालतात की प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यात अडकून बसतो आणि जितके ओढावे तितकी पकड घट्ट होते. पोत्याचे तोंड शिवणारा हमाल दाभणाने जो अडकविलेला टाका घालतो त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणता येईल. हा टाका १९८६ साली क्रॅको या अमेरिकन शल्यचिकित्सकाने आपल्या सहकाऱ्यांसह वर्णिला व आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

कंडरेतून धाग्यांची चार टोके खाली निघतात. ती बांधावयाची कशास, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी वाटीच्या हाडातून वरून खाली तीन बारीक बोगदे पाडले जातात. मधल्या बोगद्यातून दोन आणि बाजूच्या प्रत्येकी एका बोगद्यातून एक अशी टोके ओवून, गुडघा सरळ ठेवून, वाटीच्या खालच्या कडेशी ती गाठ मारून बांधतात. अशा रीतीने कंडरेची तुटकी कड हाडावर दाबून बसते आणि हळूहळू तेथेच रुजते. वाटीच्या दोन्ही बाजूंचे फाटलेले पडदेही शिवले जातात. हे काम किरकोळ वाटले तरी दुरुस्तीच्या बळकटीत त्याचा वाटा मोठा असतो. काही ठिकाणी बोगद्यांऐवजी हाडात बसविण्याच्या, धागा जोडलेल्या लहान खुंट्या वापरतात. त्यांचा खर्च अधिक येतो. परिणामांची तुलना केली असता दोन्ही पद्धतींनी चांगले गुण आल्याचे दिसते, तेव्हा खुंट्या परवडल्या नाहीत म्हणून कोणी हळहळण्याचे कारण नाही.

हे सारे सुलभपणे होते ते शस्त्रक्रिया लवकर, शक्यतो पहिल्या काही दिवसांत, केली तर. दोन-तीन आठवडे उलटल्यावर मांडीचे स्नायू तुटकी कंडरा वर ओढून घेतात, ती आजूबाजूस चिकटते आणि मधले अंतर वाढते. काही रुग्णांत ते पाच सेंटीमीटरपर्यंत जाते. मग कंडरेत उलट्या व्ही आकाराचा छेद घेऊन तिची लांबी वाढवावी लागते किंवा शरीरातील दुसऱ्या कंडरेचा तुकडा जोडावा लागतो. ही शस्त्रक्रिया मोठी, बरे होण्याचा काळ दीर्घ आणि येणारे बळ बहुधा कमी. मुरगळ समजून काढलेल्या एका महिन्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

त्यानंतरचे महिने

शस्त्रक्रिया तास-दीड तासात संपते. तिचे फळ मात्र पुढील सहा महिन्यांच्या वागणुकीवर अवलंबून असते. शिवलेली कंडरा हाडाशी रुजण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. या काळात गुडघा एकाएकी वाकला तर टाके हाडातून किंवा कंडरेतून सुटण्याची भीती असते. म्हणून मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर किंवा पट्ट्यांचा लांब आधार बांधून गुडघा सरळ ठेवतात. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर वॉकर किंवा कुबड्या घेऊन, आधार न काढता, पायावर थोडा थोडा भार देऊन चालता येते. रक्त साकळू नये म्हणून घोटा वरखाली हलविण्याचा व्यायाम पहिल्या दिवसापासून करावयाचा असतो. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, दम लागला, जखमेतून पू आला किंवा ताप चढला तर पुढील तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. टाके साधारणपणे दोन आठवड्यांनी काढतात.

पूर्वी सहाही आठवडे गुडघा मुळीच हलू देत नसत. अलीकडे दुरुस्ती भक्कम असल्यास दोन-तीन आठवड्यांनंतर देखरेखीखाली थोडे वाकविणे सुरू करतात आणि सहा आठवड्यांपर्यंत काटकोनाच्या जवळपास नेतात. किती वाकवावे हे ज्याने टाके घातले त्यानेच ठरवावयाचे. शेजाऱ्याचा गुडघा किती वाकतो हे पाहून स्वतःचा वाकवू नये. स्वतःच्या बळाने गुडघा झटक्याने सरळ करणे या काळात वर्ज्य असते. परंतु गुडघा सरळ असतानाच मांडीचे स्नायू घट्ट करून सोडण्याचा व्यायाम सांगितला जातो, व तो कंटाळवाणा असला तरी चुकवू नये. वापरावाचून मांडीचे स्नायू किती लवकर वाळतात याची कल्पना प्लास्टर काढल्याच्या दिवशी येते. दोन मांड्यांतील फरक पाहून रुग्ण घाबरतात. तो फरक अपेक्षितच असतो.

सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान आधार टप्प्याटप्प्याने सुटतो. नडगी न लोंबता सरळ पाय उचलता येऊ लागला ही त्याची मुख्य कसोटी. जागच्या जागी चालविण्याची सायकल, नंतर पायऱ्या, नंतर उतार असा क्रम असतो. बैठे काम करणारा काही आठवड्यांत कामावर जाऊ शकतो. मागावर पाळीभर उभे राहणाऱ्यास, ओझे वाहणाऱ्यास किंवा शिडीवर चढणाऱ्यास चार ते सहा महिने, क्वचित त्याहून अधिक काळ, थांबावे लागते. पूर्ण ताकद येण्यास वर्ष लागते आणि काहींच्या मांडीत थोडी उणीव कायम राहते. वेळेवर शस्त्रक्रिया झालेले बहुसंख्य रुग्ण आपल्या पूर्वीच्या कामावर परततात, ही समाधानाची बाब होय.

परदेशी पुस्तकांत न आढळणारी एक अडचण आपल्याकडे आहे. आपले अर्धे व्यवहार जमिनीवर चालतात. जेवणे, निजणे, पूजा, नमाज, आणि मुख्य म्हणजे शौचास बसणे, या सर्वांत गुडघा पूर्ण दुमडतो. उकिडवे बसताना या कंडरेवर येणारा ताण फार मोठा असतो. म्हणून रुग्ण घरी येण्यापूर्वीच खाटेची आणि मधे भोक असलेल्या खुर्चीची व्यवस्था करावी. गावातील सुतार जुन्या लाकडी खुर्चीतून ती सहज करून देईल. उकिडवे बसण्याची परवानगी मिळण्यास कित्येक महिने लागतात व काहींना पूर्वीसारखी बैठक पुन्हा जमत नाही. मधुमेह असल्यास रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे आणि विडी-तंबाखू बंद करणे हेही उपचारच आहेत, कारण दोन्हींमुळे जखम भरून येण्यास विलंब लागतो.

सुरतेतील कामगाराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. मजुरी बंद होते, खोलीचे भाडे चालू राहते, आणि टाके निघताच तो गावाकडे निघून येतो. तसे करण्यात गैर काही नाही; घरची माणसे आणि घरचे अन्न यांनी बरेच काम होते. मात्र फेरतपासणी आणि व्यायामाचे मार्गदर्शन तेथे खंडित होता कामा नये. रुग्णालयातून निघताना शस्त्रक्रियेचा तपशील असलेले कार्ड व क्ष-किरण चित्रे मागून घ्यावीत आणि गुडघा कोणत्या आठवड्यापासून किती वाकवावयाचा हे कार्डावरच लिहून घ्यावे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत; तेथील अस्थिरोग विभागात हे कार्ड दाखविल्यास पुढील तपासणी होऊ शकते. आगगाडीने येताना खालचा बाक घ्यावा, पायाचा आधार काढू नये आणि डब्याच्या उंच पायऱ्या चढता-उतरताना सोबत धडधाकट माणूस असावा.

खर्चाच्या बाबतीत, आयुष्मान भारत योजनेचे कार्ड असल्यास ते दाखल होतानाच दाखवावे. योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया कोणत्या सदरात बसते याची माहिती तेथील योजनेच्या मदत कक्षात मिळते. कारखान्याने ज्यांचे नाव कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंदविले आहे त्यांना उपचारांखेरीज रजेच्या काळातील रोख मदतही मिळू शकते. दुखापत कामावर झाली असल्यास तिची नोंद कारखान्यात त्याच दिवशी करून घ्यावी आणि रुग्णालयातही पडल्याची जागा व वेळ लिहून घेण्यास सांगावे. कामावर परत जाताना डॉक्टरांचे योग्यता प्रमाणपत्र घ्यावे, आणि त्यावर पहिले काही आठवडे ओझे व शिडीचे काम देऊ नये असा शेरा असल्यास तो मुकादमास आधीच दाखवावा.